मराठवाड्यात लॅकोफिलस कसा शोधायचा अन् कसा ओळखायचा: पाणभुंगे बघायला नवीन असणाऱ्यांसाठी

पाणभुंगा म्हणलं की आपल्याकडं लोकांना तो मोठा काळा सिबिस्टरच आठवतो, पावसाळ्यात बल्बखाली उताणा पडून फडफड करणारा. आज त्याच्याबद्दल नाही, त्याच्या बारक्या भावकीबद्दल लिहायलोय. लॅकोफिलस नावाचा हा भुंगा परभणी, जालना, बीड, नांदेड कुठंही दोन-चार महिने टिकणारं पाणी असलं की सापडायची चांगली शक्यता असते, पण दिसत नाही कारण बघणारा नजर वर ठेवतो अन् हा गाळाच्या रंगाचा. बरं सापडला तरी इंटरनेटवर जे मिळतं ते सगळं युरोप-अमेरिकेच्या तळ्यांचं, तिथल्या सीझनचं, तिथल्या सामानाचं, अन् ते वाचून आपल्या शेततळ्यावर गेलं की काहीच जुळत नाही. म्हणून सगळं एका जागी क्रमानं लिहितो. बीएस्सी झूलॉजीची पोरं, शाळेतले सर-मॅडम, किंवा नुसता नाद म्हणून किडे बघणारे, सगळ्यांना चालेल.

१. आधी काय शोधायचंय ते डोक्यात पक्कं करा

लॅकोफिलस हा डायटिसिडी म्हणजे शिकारी पाणभुंग्यांच्या कुळातला एक जीनस, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट. कुळात जगभर चार हजारांच्या वर स्पीशीज म्हणजे जाती, त्यातल्या अडीचशेपेक्षा जास्त या एकट्या जीनसच्या. विल्यम लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १८१५ मध्ये हा जीनस मांडला. अंटार्क्टिका सोडलं तर सगळ्या खंडांवर आहे, त्यामुळं "आपल्याकडं असतो का" हा प्रश्न सोडून द्या, असतो.

आकार बहुतेक वेळा ३ ते ५ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा धरून चला. वरून बघितला तर लंबगोल, जरा चपटा, मागं निमुळता होत गेलेला. रंग पिवळसर तपकिरी, काहींवर हिरवट झाक, पाठीवर गडद नागमोडी रेघा नाहीतर बारीक ठिपके. हे वर्णन वाचून "सापडला" म्हणायची घाई करू नका, याच वर्णनात बसणारे अजून पाच-सहा किडे त्याच पाण्यात असतात. त्यांचं पुढं येतं.

भुंगाही शिकारी अन् अळीही शिकारी, पण दोघांची खायची पद्धत वेगळी. पूर्ण वाढलेला भुंगा चावून खातो, डासाच्या अळ्या, पाण्यातल्या बारक्या पिसवा, मेलेलं काही असलं तर तेही. अळीचं तोंड वेगळंच काम करतं, तिचे विळ्यासारखे जबडे आतून पोकळ असतात, ते शिकारीत रुतवून ती पाचक रस आत सोडते अन् विरघळलेलं शोषून घेते. अळी लांबुडकी, सहा लांब पायांची, डोकं चपटं अन् मागं दोन शेपट्या. तीन वेळा वाढून झाली की पाण्याबाहेर येते अन् काठाच्या ओल्या मातीत कोष करते. हे कशाला सांगायलोय तर तुम्ही काठ तुडवत फिरलात तर कोषच तुडवायलात, म्हणून एका जागी एकाच बाजूनं उतरायचं.

२. सामान काय लागतं

महागडं काही घेऊ नका. ऑनलाइन मिळणारी अ‍ॅक्वेटिक नेट चांगलीच असते पण पहिल्या सीझनला तिची गरज नाही.

- चहाची मोठी स्टीलची गाळणी. जनावरांच्या खुरांत साचलेलं पाणी, हौदाचा कोपरा, बारवेच्या पायरीवरचं डबकं, इथं कुठलीच जाळी जात नाही, गाळणीच जाते.
- लांब दांड्याची जाळी. जाड तारेची चौकट किंवा अर्धगोल करून त्याला मच्छरदाणीचं दुहेरी कापड शिवून घ्यायचं. गोल तोंड नको, तळाला टेकत नाही. टेलरकडून कडेला जीन्सच्या कापडाची पट्टी मारून घ्या नाहीतर बाभळीचा एक काटा अन् जाळी फाटली.
- पांढरा ट्रे. पांढराच. स्टीलच्या ताटात तुम्हाला तुमचं तोंड दिसंल, भुंगा दिसणार नाही. आइस्क्रीमचा मोठा पांढरा डबा फुकटात काम करतो.
- प्लास्टिकचा ड्रॉपर, टोक कापून तोंड मोठं केलेला. अन् शून्य नंबरचा रंगाचा ब्रश. चिमट्यानं उचलू नका, पाय तुटतात, अन् ओळख सगळी पायातच आहे.
- १०एक्सचं भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात तेही चालतं.
- फोनला लावायची स्वस्तातली मॅक्रो लेन्स.
- सोनाराकडं कानातल्यांसोबत मिळतो तो चपटा पारदर्शक डबा. हसू नका, फोटोच्या स्टेपला हाच डबा लागणार.
- ग्राफ पेपरचा तुकडा, पेन्सिल, वही. बॉलपेन नको, ओल्या हातानं लिहिलेलं संध्याकाळपर्यंत पसरतं.
- गमबूट, काठी, पाणी, टोपी. अन् एक माणूस सोबत. हे सामानातच धरा.

३. परवानगी अन् कागदपत्रं

खाजगी शेततळं असलं तर मालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही. लेखी काही लागत नाही पण तोंडी तरी सांगा, कारण जाळी घेऊन काठावर वाकलेला अनोळखी माणूस बघितला की कुणीही मासे चोरायलाय असंच समजणार. "काय शोधायलाव?" हा प्रश्न येतोच येतो. तेव्हा "डायटिसिडी" वगैरे सुरू करू नका. "मामा, डासाच्या अळ्या खाणारा भुंगा बघायलोय, बघून परत सोडणार" एवढं म्हणलं की माणूस स्वतःच सांगतो कोणत्या डबक्यात लई किडे आहेत, अन् ती माहिती सोन्यासारखी असते. ट्रेमध्ये दाखवा त्यांना. एकदा भुंगा पळताना बघितला की पुढच्या वेळी तेच फोन करतात.

गावातल्या बारवेवर जायचं असलं तर ग्रामपंचायतीत किंवा तिथं देवस्थान असलं तर पुजाऱ्याला सांगून जा, चप्पल-बूट घालून उतरणं बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

अभयारण्याचा विषय वेगळा. पैठणचं जायकवाडी पक्षी अभयारण्य, कन्नडकडचं गौताळा औट्रमघाट, बीड जिल्ह्यातलं नायगाव मयूर, धाराशिवचं येडशी रामलिंग घाट, इथं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे अन् वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाळी पाण्यात घालायची नाही. भुंगा केवढुसा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. नवख्यानं तिकडं जायची गरजही नाही, जायकवाडी धरणाच्या नाथसागराच्या फुगवट्यापेक्षा तुमच्या शिवारातल्या डबक्यात लॅकोफिलस सोप्यानं मिळतो.

सोबत ठेवायचे कागद एवढेच: ओळखपत्र, विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या विभागप्रमुखांचं एक पत्र, अभयारण्यात काम असेल तर परवानगीची झेरॉक्स. अन् एक सांगून ठेवतो, ऑनलाइन ओळख झालेला परदेशातला कुणी "नमुना पाठवता का" म्हणला तर सरळ नाही म्हणायचं. जैवविविधता कायदा २००२ आहे, त्यात असले नमुने बाहेर पाठवायचे नियम कडक आहेत, हौशी माणसानं त्या भानगडीत पडूच नये.

४. पाणी निवडा, अर्धं काम इथंच होतं

नवखा माणूस सगळ्यात मोठं पाणी बघून तिकडं जातो. धरण, मोठा तलाव, गोदावरीचा डोह. उलटं करायचं. मोठ्या खोल पाण्यात मासे असतात अन् मासे असले की भुंगे कमी. डासांसाठी गप्पी मासे सोडलेल्या हौदातही तेच, उगाच वेळ घालवू नका.

लॅकोफिलसला आवडतं ते उथळ, साचलेलं किंवा लई हळू वाहणारं पाणी, काठाला गवत किंवा पाणवनस्पती, ऊन येणारं. गुडघ्याच्या आतलं. आपल्याकडं अशा जागा म्हणजे:

केटी वेअरच्या म्हणजे कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला साचलेला उथळ भाग. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या चाऱ्यांजवळचे पाझर, जालना-परभणीकडं भर उन्हाळ्यातही यात ओल टिकते. मुरूम काढून सोडलेल्या खदानी, दोन पावसाळे झालेल्या असतील अन् कडेला लव्हाळा उगवला असंल तर बेस्ट. हातपंपाच्या सांडपाण्याचं डबकं, साबणाचं नसलं तर. बारवेच्या खालच्या पायऱ्या.

पन्नी टाकलेलं शेततळं मात्र फसवतं. पाणी स्वच्छ दिसतं, कडेला काहीच उगवलेलं नसतं, तरी भुंगे येतात. पाणकिडे उडताना पाणी शोधतात ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित प्रकाशावरून, अन् तसलाच प्रकाश काळी पन्नी, गाडीचं चकचकीत बोनेट, सोलर पंपाचं पॅनेल यांच्यावरूनही येतो. त्यामुळं कोरड्या पन्नीवर किंवा सोलरच्या प्लेटवर सकाळी मेलेले पाणभुंगे सापडले तर नवल वाटून घेऊ नका, ते पाणी समजून उतरलेले असतात. मेलेलेही गोळा करून ठेवा, भिंगाखाली बघायला ते सोपे जातात.

धोक्याचं आत्ताच सांगतो कारण नंतर वाचणारा वाचत नाही. पन्नीचं शेततळं ही भुंगे शोधायच्या जागांमधली सगळ्यात घातक जागा आहे. उतार गुळगुळीत, शेवाळलेला, पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, दरवर्षी माणसं जातात यात. पन्नीवर पाय ठेवायचाच नाही. बांधावर पोटावर झोपून लांब दांड्याची जाळी टाका, सोबतच्यानं दोरी धरलेली पाहिजे, अन् जाळी पोचत नसली तर सोडून द्या. दुसरं, कपाशी-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत बांधावरच्या डबक्यात पंप भरतात अन् धुतातही, रिकाम्या औषधाच्या बाटल्या दिसल्या की त्या पाण्यात हात घालायचा नाही. तिसरं, काठाच्या गवतात आधी काठी आपटायची, मग पाय. घोणस पळून जात नाही, तिथंच पडून राहते.

सीझन विचाराल तर मृगाच्या पहिल्या पावसानंतर लगेच पळू नका, तेव्हा काळ्या मातीचं पाणी नुसतं चहासारखं गढूळ असतं अन् किडे अजून पसरलेले नसतात. नवीन साचलेल्या पाण्यात लवकर उडून येणाऱ्यांमध्ये लॅकोफिलस असतो हे खरं, पण त्याला अन् पाण्याला थोडा वेळ द्या. पोळ्याच्या पुढं मागं सुरू करा, हस्ताचा पाऊस संपून पाणी निवळलं की ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात सोपा. एप्रिल-मेमध्ये जिथं पाणी उरतं तिथं सगळे एकत्र गोळा होतात, गाळणीच्या एका फेऱ्यात ढीग येतो, पण तेव्हा जास्त ढवळू नका, ते पाणी शेवटचं असतं.

५. जाळी मारायची पद्धत

पाण्यात उतरायच्या आधी काठावर पाच मिनिटं गप्प बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. पृष्ठभागावर एक बारीक ठिपका झटकन वर येतो, शेपटाकडून पाण्याला टेकतो अन् परत खाली जातो, दिसलं का. तो श्वास घेऊन गेला. पंखांच्या कवचाखाली हवा भरून घेतात अन् तेवढ्यावर खाली फिरतात.

जाळी पाण्याच्या मध्यात मारून उपयोग नाही. काठाच्या गवताच्या मुळाशी, तळाला टेकवून, पुढं-मागं तीनदा जोरात ओढायची. पहिल्या फेऱ्यात किडे उठतात, दुसऱ्या-तिसऱ्यात जाळीत येतात. मग झटकन वर अन् लगेच ट्रेमध्ये उलटी. ट्रेमध्ये आधीच दोन बोटं स्वच्छ पाणी घेऊन ठेवलेलं असायला पाहिजे, ते त्याच जागचं, गाळून. कचरा सगळा येतो, येऊ द्या.

जाळीत हात घालून चिवडायचं नाही. यात मोठा जलढेकूण असू शकतो, किंवा पाठीवर पोहणारे ते बोटीसारखे किडे, दोन्ही चावतात अन् चांगलंच दुखतं.

६. ट्रेमध्ये बघत बसा

हीच खरी स्टेप आहे अन् हीच लोक गाळतात. फोटो काढायची घाई असते. भिंगही खिशात ठेवा, आधी नुसतं बघा, कारण चालीवरून निम्मे किडे बाद होतात.

गाळ खाली बसायला लागला की हालचाल दिसते. पृष्ठभागावरच गोल गोल गरगरा फिरणारे चकचकीत काळे, ते जायरिनिडी, खाली जातच नाहीत फारसे, बाद. उलटे, पोट वर करून पोहणारे, ते भुंगेच नाहीत, ढेकणांच्या गटातले. सरळ पोहणारे पण पुढं सोंडेसारखं तोंड अन् पाठ मऊ दिसणारे बारके, तेही ढेकणांकडचेच.

आता उरले खरे भुंगे. त्यांचे मागचे पाय बघा. दोन्ही मागचे पाय एकाच वेळी वल्ह्यासारखे मारत झटके देत जात असेल तर डायटिसिडी. पाय आळीपाळीनं, चालल्यासारखे हलवत धडपडत जात असेल तर हायड्रोफिलिडी, म्हणजे दुसऱ्याच कुळातले पाणभुंगे, हे दिसायला सारखेच काळे-तपकिरी असतात अन् नवखे सगळ्यात जास्त इथं फसतात. अजून एक खूण, हायड्रोफिलिडी हवा घ्यायला डोक्याकडून वर येतो, डायटिसिडी शेपटाकडून. मिशाही वेगळ्या, डायटिसिडीच्या धाग्यासारख्या, हायड्रोफिलिडीच्या टोकाला गाठ.

आता लॅकोफिलसची परीक्षा. ट्रे तिरका करून एका कोपऱ्यातलं पाणी हळूहळू ओसरू द्या, भुंगा ओल्या पांढऱ्या प्लास्टिकवर उघडा पडला पाहिजे. बाकीचे पाणभुंगे अशा वेळी कुशीवर पडून पाय झाडत बसतात, गोल गोल फिरतात, एकदम केविलवाणे. लॅकोफिलस एक-दोन सेकंद गप्प पडतो, मागचे पाय अंगाखाली ओढतो अन् टिच्कन उडी मारतो. पंख न उघडता, नुसत्या पायांच्या जोरावर. कधी ट्रेच्या बाहेर, कधी तुमच्या मांडीवर. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण दचकतो. एवढ्या छोट्या पाणभुंग्यात ही उडी दिसली की तुम्ही लई जवळ पोचलात. अन् म्हणूनच जाळी वर काढली की लगेच पाण्यात उलटी करा म्हणलं होतं, कोरड्या जाळीतून तो कधीच उडून गेलेला असतो अन् तुम्ही म्हणता इथं लॅकोफिलस नाही.

७. भिंगाखाली पक्कं करणं

उडी ही खूण चांगली, पण तेवढ्यावर नाव लिहू नका. एक भुंगा ड्रॉपरनं त्या कानातल्याच्या डब्यात घ्या, पाणी इतकंच ठेवा की झाकण लावल्यावर तो मधे अडकल्यासारखा होईल पण दबणार नाही. मग भिंग लावून या क्रमानं बघा.

वरून बघताना दोन्ही पंखकवचं जिथं मानेच्या ढालीला मिळतात तिथं मधोमध एक बारीक त्रिकोण असतो का? सिबिस्टरसारख्या मोठ्यांत तो ठळक दिसतो. लॅकोफिलसमध्ये झाकलेला असतो, दिसत नाही.

मग मागच्या पायाचं टोक. लॅकोफिलसच्या मागच्या पायाच्या पावलातले सांधे एका कडेला कोनासारखे बाहेर आलेले असतात, एकावर एक कौलं ठेवल्यागत, अन् शेवटची दोन नखं सारखी नसतात, एक मोठं एक छोटं. हे दिसायला १०एक्सला डोळे ताणावे लागतात, उन्हाकडं पाठ करून बघा.

पुढच्या पायांच्या पावलात पाच सांधे नीट मोजता आले पाहिजेत. हायड्रोग्लिफस, हायफायड्रस, हायड्रोवॅटस हे जे अजून बारके पाणभुंगे आपल्याकडं त्याच पाण्यात असतात, त्यांचाही त्रिकोण झाकलेला असतो, पण पुढच्या पायात चारच सांधे असल्यासारखे दिसतात, चौथा इतका बारीक की लपून जातो. शिवाय हायफायड्रस गोल गरगरीत असतो, हायड्रोवॅटसचं मागचं टोक टोकदार, त्यामुळं आकारावरूनही कळतो.

सगळ्यात मोठा सापळा कॅन्थिड्रस. हा डायटिसिडीच नाही, नोटेरिडी नावाच्या शेजारच्या कुळातला, पण साइज तीच, जागा तीच, त्रिकोण झाकलेला, रंगही पिवळा-तपकिरी. हा पुढून रुंद अन् फुगीर, बाजूनं बघितला तर पाठ चांगली उंच, अन् चकाकी जास्त. पोटाकडून बघितलं तर मागच्या पायांच्या मधे एक सपाट पाट बसवल्यासारखा भाग दिसतो, तो नोटेरिडीची खूण, अन् मागची दोन्ही नखं सारखी. पोटाकडून बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही तो याच्यामुळंच.

रंगावर अन् रेघांवर अजिबात जाऊ नका. एकाच डबक्यातले दोन भुंगे, एक फिकट एक गडद, अन् दोन्ही एकच असू शकतात. नुकताच कोषातून निघालेला तर इतका फिकट अन् मऊ असतो की वेगळाच किडा वाटतो.

८. फोटो असे काढा की कुणाला तरी कामाला येतील

पाठीचा एक सुंदर फोटो टाकून "आयडी प्लीज" लिहिणाऱ्याला उत्तर मिळत नाही, अन् त्यात उत्तर देणाऱ्याची चूक नसते. किमान चार फोटो लागतात: पाठ, पोट, बाजू, अन् मागच्या पायाचा जवळून. पाचवा त्या जागेचा.

पाठ अन् पोट त्या पारदर्शक डब्यातून दोन्ही बाजूंनी निघतं, डबा नुसता उलटा करायचा. खाली ग्राफ पेपर ठेवला की मापही आलं. ऊन थेट नको, कवच इतकं चमकतं की फोटोत नुसता पांढरा ढब्बा येतो, वर रुमाल किंवा पांढरा कागद आडवा धरा, उजेड मऊ होतो. फोनचा फ्लॅश बंद. बाजूचा फोटो अवघड आहे, डबा उभा धरून भुंगा काठाशी येईपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही. एक भुंगा डब्यात पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, त्याला हवा घ्यायला वर यावं लागतं अन् उन्हात एवढंसं पाणी लगेच तापतं.

९. नोंद, अन् जीनसवर थांबायचं

वहीत जागेवरच लिहा, घरी जाऊन नाही: तारीख, वेळ, गाव अन् तालुका, फोनच्या मॅपवर बोट दाबून मिळणारे अक्षांश-रेखांश, कसलं पाणी, खोली अंदाजे, गढूळ की निवळ, कोणतं गवत, मासे दिसले का, अन् किती भुंगे. "किती" मध्ये "भरपूर" लिहू नका, दहाच्या आत, पन्नासच्या आत असं लिहा. अन् शोधून एकही मिळाला नाही तर तेही लिहा, त्या नोंदीलाही तेवढंच वजन आहे.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकताना अ‍ॅप तुम्हाला एखादं पूर्ण स्पीशीजचं नाव सुचवणार, कधीकधी युरोपातलं. ते दाबायचं नाही. लॅकोफिलस एवढंच लिहायचं अन् थांबायचं. आपल्याकडच्या बऱ्याच स्पीशीज एकमेकांपासून वेगळ्या करायच्या तर नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली काढून बघावं लागतं, फोटोवरून सांगणारा अंदाजच मारत असतो, मग तो कितीही जुना खिलाडी असो. जीनसवर थांबलेली नोंद वर्षानुवर्षं "नीड्स आयडी" म्हणजे ओळख बाकी असलेल्यांमध्ये पडून राहील, राहू द्या. चुकीच्या स्पीशीजच्या नावानं पडलेली नोंद मात्र दुसरे कुणीतरी खरी धरून पुढं नकाशात वापरतात, अन् ती निस्तरायला फार कटकट होते. लोकांना हे पटत नाही, नाव पूर्ण नसलं की काम अर्धवट वाटतं. मला तर उलट, गूगलवरून उचललेलं पूर्ण नाव बघितलं की त्या माणसाच्या बाकीच्या नोंदींवरही शंका येते.

स्पीशीजपर्यंत जायचंच असेल, म्हणजे प्रोजेक्ट वगैरे असेल, तर एकट्यानं करू नका. कॉलेजच्या झूलॉजी विभागातून सुरुवात करा, संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, किंवा परभणीच्या वसंतराव नाईक कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग. भारतीय प्राणी सर्वेक्षण म्हणजे झेडएसआयचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. भारतातल्या डायटिसिडीवर झेडएसआयच्या टी. जी. वझिरानी यांनी १९६० अन् ७० च्या दशकात भरपूर काम केलंय, आजही बरेच जण तिथूनच सुरू करतात. नमुने ठेवायचे तर ७० टक्के इथाईल अल्कोहोल, डीएनएसाठी ९५ च्या वर, दोन्ही विभागाकडूनच मिळवा, बाजारात सहज मिळत नाही. सॅनिटायझर जेल अन् फॉर्मलिन दोन्ही नको. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाकायची, बाहेर चिकटवलेली चिठ्ठी अल्कोहोल सांडलं की गेली.

१०. रात्रीचा दिवा

पावसाळ्यात अमावस्येच्या आसपास, वारा नसलेल्या दमट रात्री, पांढरी चादर दोरीवर टाकून समोर पांढरा एलईडी किंवा जमलं तर यूव्हीचा बल्ब लावला की पाणभुंगे उडत येतात, लॅकोफिलसही येतो. चादरीखाली पाण्याचा ट्रे ठेवा, पडलेले तिथं जातात. पण लक्षात घ्या, दिव्यावर आलेला भुंगा कोणत्या पाण्यातून आला हे कधीच कळत नाही, त्यामुळं नोंदीत "दिव्यावर" असं स्पष्ट लिहायचं. दिव्यावर मावा, तुडतुडे, मुंगळे सगळंच येतं, कान झाकून बसा.

११. घरी बरणीत ठेवून बघायचा असेल तर

शाळेत दाखवायला हे लई भारी पडतं. रुंद तोंडाची काचेची बरणी, त्याच जागचं पाणी, तळाला धुतलेली वाळू, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दोन-तीन काड्या. नळाचं पाणी नको, क्लोरीन असतं. तोंडाला मच्छरदाणीचं कापड रबरनं घट्ट बांधा, कारण हा पोहतो, उडी मारतो अन् रात्री पंखांनी उडतोही, सकाळी बरणी रिकामी दिसणार. बरणी खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

खायला डासाच्या अळ्या. ड्रॉपरनं चार-पाच सोडा अन् बघा, पोरं वर्गात आवाज न करता बसतात. पण जेवढ्या खाल्ल्या जातील तेवढ्याच सोडायच्या, उरलेल्यांचे डास झाले तर डेंग्यूच्या दिवसांत तुमच्यामुळं गल्लीला ताप. भुंग्याच्या अळ्या सापडल्या तर एका बरणीत एकच ठेवा, दोन ठेवल्या तर उद्या एक दिसंल, अन् ती जाडजूड झालेली असंल.

आठवडाभरात ज्या डबक्यातून आणला त्याच डबक्यात परत. जवळ पडतं म्हणून दुसऱ्या तळ्यात सोडायचा नाही, अन् हायड्रिलाच्या काड्या तर मुळीच नाही, त्या वाळवून टाकायच्या. जाळी, गाळणी अन् गमबूट उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय पुढच्या पाण्यावर न्यायचे नाहीत.